वडिलांच्या नावावरची सदनिका विकून दुसरी घेताना : पुण्यातील व्यवहाराच्या नोंदी, मार्च ते डिसेंबर २०२५

वडील २०२३ मध्ये गेले. त्यांनी १९९४ मध्ये घेतलेली तिसऱ्या मजल्यावरची सदनिका एकट्या त्यांच्याच नावावर होती, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईला जिने चढणे झेपेनासे झाले होते. ती सदनिका विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत दुसरी घेण्याचे काम २०२५ मध्ये केले. वारसाहक्काची सदनिका विकणाऱ्यांना क्रम लक्षात यावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. करविषयक आकडे, दर, कलमे आणि अर्ज आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

३ मार्च

गिऱ्हाईक शोधण्याआधी कागद एकत्र केले. हाती आले ते असे : बिल्डरबरोबरचा १९९४ चा नोंदणीकृत करारनामा, त्याची नोंदणी पावती, सोसायटीचा भाग दाखला, मालमत्ता कराच्या पावत्या आणि वडिलांचा मृत्यू दाखला. वडिलांनी घेतलेले गृहकर्ज २००७ मध्ये फिटले होते. त्याचे बँकेचे पत्र मात्र कुठेच सापडले नाही. कर्ज फिटल्याचा पुरावा नसेल तर घेणाऱ्याची बँक पुढे सरकत नाही, त्यामुळे जुन्या बँकेकडे त्या पत्राची दुसरी प्रत मागणारा अर्ज त्याच दिवशी दिला. खाते इतके जुने होते की ते शोधून पत्र हाती पडायला एप्रिल उजाडला.

१७ मार्च

सोसायटीने भाग दाखल्यावर आईचे नाव चढवले. वडिलांनी तिचे नामनिर्देशन केलेले होते, त्यामुळे येथे अडचण आली नाही आणि वारसाच्या नावे हस्तांतरण असल्याने अधिमूल्यही (सोसायटी हस्तांतरणासाठी घेते ती रक्कम) लागले नाही. मात्र ‘आता सदनिका आईंची झाली, त्यांनी एकटीने सही केली की पुरे’ असे कार्यालयात सांगण्यात आले, ते चुकीचे होते. नामनिर्देशित व्यक्तीला सोसायटी सदस्य म्हणून स्वीकारते. मालकी वारसा कायद्यानेच ठरते. मृत्युपत्र नसल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार आई, ताई आणि मी असे तिघे समान वाटेकरी आहोत.

येथे दोन मार्ग होते. एक, ताईने आणि मी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचे आणि मग आईने एकटीने विकायचे. दोन, तिघांनीही विक्रेते म्हणून खरेदीखतावर सही करायची. वकिलांनी दुसरा सुचवला. त्यात एक दस्त वाचतो आणि कराचा भारही तिघांत विभागला जातो. पहिला मार्ग कागदावर सुटसुटीत दिसतो, पण विक्रीचे पैसे तिघांत वाटले जाणार असतील तर तो घेऊ नये, असे माझेही मत झाले.

न्यायालयाकडून वारस दाखला घ्यावा का, हा प्रश्न राहिला. मुंबई विनियम ८, १८२७ खालील हा दाखला भक्कम असतो, पण त्याला काही महिने लागतात. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, तिन्ही वारस विक्रेते आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना एवढ्यावर बहुतेक बँकांचे वकील समाधानी होतात, असे कळल्यावर तो मार्ग धरला. वारसांत वाद असेल, किंवा एखादा वारस अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल, तर हा आडमार्ग उपयोगाचा नाही.

५ एप्रिल

मालमत्ता पत्रिका काढली. इमारतीखालची जमीन अजूनही मूळ जमीनमालकाच्या नावावर होती. म्हणजे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालेले नाही. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ मधील कलम ११ प्रमाणे सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव, म्हणजे जमीनमालकाच्या सहीविना होणाऱ्या, अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. तो अर्ज गेल्या वर्षी दाखल झाला होता, एवढाच दिलासा. पुनर्विकासाची आशा धरून जुनी सदनिका घेणारा माणूस सर्वांत आधी हेच विचारतो, म्हणून अर्जाची पोच आमच्या फाइलमध्ये वरच लावून ठेवली.

२६ एप्रिल

मोजमाप केले. १९९४ च्या करारात ‘७२० चौरस फूट बिल्टअप’ लिहिलेले आहे. टेपने प्रत्येक खोली मोजल्यावर चटई क्षेत्र ५४८ चौरस फूट, म्हणजे सुमारे ५०.९ चौरस मीटर भरले. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील व्याख्येप्रमाणे यात आतल्या भिंती धरल्या आहेत आणि बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळल्या आहेत. ४२ चौरस फुटांची बाल्कनी वडिलांनी काचा लावून दिवाणखान्यात घेतली होती. ती वेगळी मोजली.

एजंट भाव सांगतात तो बिल्टअपवर, आणि नवीन प्रकल्पांच्या जाहिराती चटई क्षेत्रावर असतात. दोन्ही एका मापावर आणल्याखेरीज तुलना करून उपयोग नाही. आजूबाजूच्या इमारतींत प्रत्यक्षात झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये पाहिले. तेथील रकमा शेजाऱ्यांनी ‘एवढ्याला गेली’ म्हणून सांगितलेल्या आकड्यांपेक्षा सरसकट कमी होत्या. त्यावरून ८२ लाख मागायचे आणि ७७ च्या खाली जायचे नाही, असे ठरवले.

१८ मे

सदनिका दाखवायला सुरुवात केली. रंगकाम न करण्याचा निर्णय टिकला. घेणारा फरशी आणि स्वयंपाकघर नव्याने करणारच असतो, त्यामुळे तो खर्च भावात परत मिळत नाही. स्नानगृहाच्या छताची ओल मात्र वरच्या मजल्यावरील सदस्याशी बोलून दुरुस्त करून घेतली, कारण ओल दिसली की माणूस तिच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम मनात वजा करतो.

८ जून

७८ लाखांवर सौदा जमला. घेणारे पती-पत्नी, दोघेही नोकरदार. विसार २ लाख धनादेशाने घेतला. काहींनी आधी रोख देऊ केली होती. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही आणि घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला, बसतो.

विसार पावतीत तीन वाक्ये वकिलांनी आग्रहाने घातली आणि ती पुढे उपयोगी पडली : कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत मिळेल, बँकेचे मूल्यांकन कमी आल्यास फरक घेणारे स्वतः भरतील, आणि ताबा ३० नोव्हेंबरला मिळेल व तोवर २ लाख रुपये त्यांच्याकडे राखून ठेवलेले असतील. शेवटचे कलम आम्हाला दुसरे घर शोधण्यासाठी हवे होते. पैसे आधी आणि ताबा नंतर असा व्यवहार करताना घेणाऱ्याच्या हाती काहीतरी शिल्लक ठेवले नाही तर तो तयार होत नाही, आणि त्याने होऊही नये.

२३ जून

आईचा पॅन निष्क्रिय निघाला. आधारशी जोडणी राहून गेली होती. विक्रीची एकूण किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापावा लागतो. पॅन निष्क्रिय असल्यास तोच दर २० टक्के होतो. आईच्या २६ लाखांच्या हिश्श्यावर २६,००० रुपयांऐवजी ५ लाख २० हजार कापले गेले असते. विलंब शुल्क १,००० रुपये भरले, पण जोडणी फेटाळली गेली, कारण पॅनवर तिच्या वडिलांच्या, म्हणजे आजोबांच्या, नावाचे आद्याक्षर आणि माहेरचे आडनाव होते, तर आधारवर सासरचे. आधी पॅनवरचे नाव दुरुस्त करून मग जोडणी करावी लागली. जुलैचा बराचसा भाग यात गेला. ज्यांच्या घरी साठीपुढच्या स्त्रिया सहविक्रेत्या आहेत त्यांनी हे काम यादीत सर्वांत वर ठेवावे. कारण या पिढीतील बहुतेकींची लग्नाआधीची आणि नंतरची नावे वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी आहेत.

११ जुलै

ताई दुबईला असते, आणि खरेदीखताच्या मसुद्यात तिन्ही विक्रेत्यांपुढे करकपातीचा दर १ टक्काच लिहिला होता. आमच्या सनदी लेखापालांनी हे वेळेत पकडले. अनिवासी विक्रेत्याला तो दर लागू होत नाही; तेथे प्राप्तिकर कायद्याचे कलम १९५ आहे. घेणाऱ्याला टॅन क्रमांक (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) काढावा लागतो, कर वेगळ्या चलनाने भरावा लागतो आणि तिमाही विवरण फॉर्म २७क्यू मध्ये द्यावे लागते. हे ऐकून घेणारे बिथरले. टॅन काढण्याचा आणि विवरण भरण्याचा खर्च आम्ही उचलू, असे लिहून दिल्यावर ते शांत झाले. तो खर्च फारसा नव्हता. व्यवहार मोडला असता तर त्याच्या कितीतरी पट वेळ गेला असता.

कमी दराने कपात व्हावी यासाठी ताईने प्राप्तिकर विभागाकडून प्रमाणपत्र घ्यावे का, याचा हिशेब मांडला. वडिलांनी सदनिका २००१ पूर्वी घेतल्यामुळे १ एप्रिल २००१ रोजीची बाजारकिंमत खर्च म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाने ती ६ लाख ठरवली. म्हणजे ताईच्या हिश्श्याचा खर्च २ लाख आणि नफा २४ लाख. १२.५ टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर धरून तिचा प्रत्यक्ष कर ३ लाख १२ हजार होतो. प्रमाणपत्र नसताना संपूर्ण २६ लाखांवर कपात झाली तर ३ लाख ३८ हजार जातात. फरक २६,००० रुपयांचा, आणि तोही विवरणपत्र भरल्यावर परत मिळणारा. एवढ्यासाठी नोंदणी थांबवण्यात अर्थ नव्हता. तिला नफा ५ वर्षांच्या करबचत रोख्यांत गुंतवायचा असता तर कर शून्य झाला असता आणि मग प्रमाणपत्राची वाट पाहणे परवडले असते. पण तिला पैसे अडकवायचे नव्हते.

आई आणि मी निवासी असल्याने आम्हाला पर्याय होता : महागाई निर्देशांक धरून २० टक्के, किंवा न धरता १२.५ टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आहे, म्हणजे ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात. संपूर्ण सदनिकेचा हिशेब केला तर २० टक्क्यांनी सुमारे ११ लाख ९ हजार आणि १२.५ टक्क्यांनी ९ लाख, दोन्ही उपकर सोडून. निर्देशांकाचा लाभ नेहमीच फायद्याचा असतो हा समज आमच्या बाबतीत खोटा ठरला. आपापला आकडा मांडूनच निवड करावी.

ताईचे मुखत्यारपत्र दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून मागवले. ते फक्त या एका सदनिकेपुरते, पूर्ण पत्त्यासह आणि माझ्या नावे केलेले आहे. परदेशात केलेला दस्त राज्यात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, त्यामुळे कुरियरचे पाकीटही जपून ठेवले. पहिल्या मसुद्यात ‘विक्री करणे’ होते, पण ‘दस्त नोंदणीसाठी सादर करणे व कबुली देणे’ हे शब्द नव्हते; सही होण्याआधी ते ध्यानात आले म्हणून निभावले.

२ ऑगस्ट

बँकेचा मूल्यांकक येऊन गेला आणि बाल्कनीचा प्रश्न उभा राहिला. त्याने मंजूर नकाशा पाहिला, बंद केलेली बाल्कनी क्षेत्रफळात धरली नाही आणि किंमत ७३ लाख लावली. या रकमेच्या गटात बँक मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते. घेणाऱ्यांनी ६२ लाख ४० हजार धरले होते, मंजूर झाले ५८ लाख ४० हजार. ४ लाखांचा फरक विसार पावतीतील कलमाप्रमाणे त्यांच्याकडे आला. त्यांनी भाव कमी करण्याची विनंती केली. आम्ही भाव तोच ठेवला आणि भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढायला त्यांना मुदत दिली. बाल्कनी बंद केलेली असेल तर विक्रीला काढण्यापूर्वीच मंजूर नकाशा काढून पाहावा आणि भाव ठरवताना तेवढे क्षेत्र निम्मेच धरावे.

१९ ऑगस्ट

खरेदीखत नोंदले गेले. मुद्रांक शुल्क घेणाऱ्यांनी भरले. आई, मी (स्वतःसाठी आणि ताईचा मुखत्यार म्हणून), घेणारे दोघे आणि दोन साक्षीदार असे सगळे सकाळी हजर होतो. दुपारपर्यंत सर्व्हर बंद होता. आईच्या बोटांचे ठसे यंत्र घेईना, तेव्हा कोमट पाण्याने हात धुऊन पुन्हा प्रयत्न केला आणि ते जमले. वयस्क माणसाला न्यायचे असेल तर वेळ घेऊन जावे आणि डबा बरोबर ठेवावा.

सोसायटीने हस्तांतरणासाठी ‘विकास निधी’ म्हणून मोठी रक्कम मागितली होती. राज्य शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते आणि देणगीच्या नावाखाली त्याहून अधिक मागता येत नाही. परिपत्रकाची प्रत जोडून लेखी पत्र दिले. तोंडी वाद घातला नाही. २५,००० रुपये अधिमूल्य, ५०० रुपये हस्तांतरण शुल्क आणि १०० रुपये प्रवेश शुल्क एवढ्यावर काम झाले.

१४ सप्टेंबर

घेण्याच्या बाजूकडे वळलो. पहिली आवडलेली सदनिका सोडावी लागली, कारण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते आणि ‘सगळेच तसे राहतात’ याखेरीज उत्तर नव्हते. दुसरीच्या सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केलेला होता. गुंतवणूक म्हणून ती उत्तम असेल, पण आईला दोन वर्षांत पुन्हा घर हलवायला लावणे आम्हाला मान्य नव्हते. तिसरी ८५ लाखांची, लिफ्टची, अभिहस्तांतरण झालेली. फक्त विक्रेत्याचे कर्ज तिच्यावर होते.

नवी सदनिका एकट्या आईच्या नावे घेतली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ८५,००० रुपये. ती सवलत सर्व खरेदीदार स्त्रिया असतील तरच आहे. दुसरीकडे, माझ्या २४ लाखांच्या नफ्यावर कलम ५४ ची सूट (घराच्या विक्रीचा नफा नव्या घरात घातल्यास मिळणारी) घ्यायची तर घर माझ्याही नावे हवे. ती सूट ३ लाख १२ हजारांचा कर वाचवते. म्हणून सवलत सोडली आणि दोघांच्या नावे घेतले. ७ टक्क्यांनी ५ लाख ९५ हजार मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी शुल्क गेले.

१८ ऑक्टोबर

विक्रेत्याच्या बँकेकडून कर्जफेडीच्या रकमेचे पत्र आणि तिच्या ताब्यातील मूळ कागदांची यादी घेतली. यादीतील प्रत्येक ओळ आमच्या वकिलांनी मालकीच्या शोध अहवालाशी ताडली; बिल्डरच्या करारानंतरचे एक चूक दुरुस्ती पत्र यादीत नव्हते. ते विक्रेत्याच्या घरी सापडले. पैसे भरल्यावर हे ध्यानात आले असते तर ते शोधायला कोणाला उत्साह राहिला नसता. उरलेल्या कर्जाएवढा धनादेश थेट त्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावे दिला, विक्रेत्याच्या नावे नव्हे.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे संपूर्ण कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई आहे. मुदत संपत आली तेव्हा विक्रेत्याकडून या आदेशाचा उल्लेख असलेले पत्र शाखेला देववले आणि कागद हलले. गहाणाची नोंद केंद्रीय नोंदवहीतून निघाली की नाही, हेही पाहिले. कागद हाती आले म्हणजे ती आपोआप निघते असे नाही.

६ डिसेंबर

३० नोव्हेंबरला जुन्या घराचा ताबा दिला आणि राखून ठेवलेले २ लाख मिळाले. या रकमेमुळे करकपातीचे अर्ज दुसऱ्यांदा भरावे लागले. २६क्यूबी हा अर्ज घेणारा आणि विक्रेता यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा असतो. दोन घेणारे आणि दोन निवासी विक्रेते म्हणून ऑगस्टमध्ये चार झाले होते, आता पुन्हा चार. ऑगस्टमध्येच संपूर्ण ७८ लाखांवर कपात करून घेतली असती तर हे टळले असते. कपात झालेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत अर्ज न भरल्यास दररोज २०० रुपये विलंब शुल्क लागते, त्यामुळे घेणाऱ्यांना त्याची आठवण लेखी दिली.

नव्या घराची वीजजोडणी महावितरणकडे दोघांच्या नावे करून घेतली. महानगरपालिकेत नाव बदलण्याच्या अर्जाबरोबरच पीटी-३ हा अर्जही दिला. स्वतः राहत असल्याचा हा अर्ज नसेल तर मालमत्ता करातील ४० टक्के सवलत मिळत नाही.

ताईच्या हिश्श्यातील पहिल्या कपातीचा फॉर्म १६ए (करकपातीचे प्रमाणपत्र) नोव्हेंबरमध्ये आला आणि तिच्या २६एएस (करकपातीचे वार्षिक विवरण) मध्ये रक्कम दिसते आहे. राखीव रकमेतील तिच्या वाट्यावरची कपात ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत येत असल्याने घेणाऱ्यांना २७क्यू ३१ जानेवारीपर्यंत पुन्हा भरायचा आहे. त्यांचा टॅन आणि चलनाची प्रत त्यासाठी आमच्या सनदी लेखापालांकडे देऊन ठेवली आहे.